पाण्याचा उतार

खाबूरा. दुपारचे दोन.
शिडीचं लोखंड हाताला सोसत नाही,
सदऱ्याची बाही पुढे ओढून, तिच्याआडून धरत मी वर येतो.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गच्च्यांवर उभा राहतोय,
बगलेत फाईल, खिशात टेप,
आणि पहिला प्रश्न ठरलेला:
गच्ची शेवटची कधी साफ केली होती?

शम्सा बिन्त खल्फान जिन्याच्या तोंडाशी थांबते
अबायाची कड मुठीत गोळा करून.
वादळाच्या आठ दिवस आधी, म्हणते.
पैसे मोजून करून घेतली. पावती आहे.
पावतीवर सही: इस्माईल परकार.
तो माझ्या आधीच येऊन टाकीच्या सावलीत उकिडवा बसलाय,
मूळचा बाणकोटचा,
माझं आडनाव ऐकताच हिंदी सोडून देतो.
"साहेब, घासलीय मी. पंप लावून. कोपरा न् कोपरा."

आणि तिथेच माझी पंचाईत होते.

साफ केली नसती, तर निष्काळजीपणा, कलम चार.
साफ करताना पंपाच्या जोराने डांबराचा पापुद्रा सुटला,
तर कारागिराचा दोष, कलम सहा.
वर्षानुवर्षं झिरपत राहिलं, तर झीज,
तिला तर कलमाचीही गरज नाही.
एका रात्रीत फुटली, तर आम्ही देतो,
पहिले शंभर रियाल तुमचे.
टाकी उडाली असती तर सगळं सोपं होतं.
टाकी जागेवर आहे.

"मग घासायची की नाही?" शम्सा विचारते.
घासायची.
"आणि घासल्यानेच बिघडली तर?"
मी फाईल उघडतो.
फाईल उघडली की माणसं गप्प होतात, असा अनुभव आहे.
ही होत नाही.
"वीस वर्षं हप्ता भरतेय. तो नेमका कशाचा, एवढं सांग."

(डोंबिवलीला माझ्या फ्लॅटवरची गच्ची सोसायटीची आहे
आणि ओल माझी.
तिथे पॉलिसी नाही. सात वर्षं नुसती पत्रं चाललीत.)

परकार उठतो, बादली भरून आणतो, ओततो.
पाणी जरा घुटमळतं,
मग पन्हळीकडे पाठ फिरवून
थेट टाकीच्या ओट्याकडे जातं
आणि ओट्याच्या बुडाशी तोंड खुपसून थांबतं.
दुसरी बादली. तीही तिकडेच.

"तिकडे लिंबाचं झाड आहे," शम्सा म्हणते, "खाली."
घर बांधताना सैफने मिस्त्रीला इथे उन्हात उभं केलं होतं:
उतार लिंबाकडे दे,
वर्षातून दोनदा पडतं, ते तरी झाडाला जाऊ दे.
पुढे मुलं वाढली, मोठी टाकी आली, तिला ओटा आला,
नवी पन्हळ या बाजूला फोडली.
उतार बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
सैफच्याही नाही. मग सैफही राहिला नाही.

मालकाने बांधकामात केलेला बदल. कलम नऊ.
हे मी मनात वाचतो, मोठ्याने नाही,
आणि वाकून फोटो काढतो
ज्यात ओल्या सिमेंटखेरीज काही दिसत नाही.

'कारण' या शब्दापुढे दीड इंच जागा असते.
मी लिहितो: सफाईत दोष नाही.
एवढं खरं आहे.
एवढ्याने परकारचे पैसे कुणी कापणार नाही,
शम्साला मात्र काही मिळणार नाही.
उरलेली जागा ऑफिसात भरू म्हणून पेनाला टोपण लावतो.

कॉफी येते, खजुराची ताटली येते.
शम्सा मला बसायला सांगते, आणि नकाराचं पत्र
किती दिवसांत येतं, तेही विचारून घेते.
परकार कॉफीला हात लावत नाही.
छिन्नीच्या मुठीने ओट्याच्या बुडाशी ठोकत चाललाय,
गाल सिमेंटला टेकवून, वीत वीत पुढे सरकत.
भरीव. भरीव. भरीव.
"जरा थांबा," तो म्हणतो,
"इथं आवाज येगळा येतोय."